पहिल्या पाण्याचा हिरा

एक होता राजा. इथला नव्हे हं, दर्यापारचा. सयाम देशातला. आमच्या आत्याचे यजमान जहाजावर भटारी, म्हणजे स्वयंपाकी होते. त्यांनी तिकडून एक चिनीमातीची बरणी आणली आणि ही गोष्ट आणली. बरणी फुटली, गोष्ट राहिली. निमे, पाय पांघरुणात घे. मग सांगते.

तर त्या राजाचं नाव होतं इंथोन. त्याच्या मुकुटाला चहूबाजूंनी खडे होते, लाल, निळे, पिवळे. पण मधोमध एक कोंदण रिकामं होतं. दात पडलेल्या तोंडासारखं दिसायचं ते. राजाच्या आजोबांच्या वेळी त्या कोंदणात एक हिरा होता. पुढे एका लढाईत तो कुठे पडला, कुणाला कळलंच नाही.

राजा लहान होता ना, तेव्हा तो आजोबांच्या मांडीवर बसायचा. ऊन आलं की मुकुटातला तो हिरा असा पेटायचा, असा पेटायचा, की पोराला डोळे गच्च मिटून घ्यावे लागायचे. ते त्याच्या मनात बसून राहिलं. मोठा झाला, राजा झाला, पण त्याला एकच ध्यास. तसला हिरा हवा.

आता त्या देशाची एक रीत होती बरं का. खडा पारखायचा तो पाण्यात घालून. दरबारात तीन वाडगे मांडलेले असायचे. एक सोन्याचा, एक चांदीचा, एक पितळेचा. सोन्याच्या वाडग्यातलं ते पहिलं पाणी, चांदीच्यातलं दुसरं, पितळेच्यातलं तिसरं. खडा आधी पहिल्या पाण्यात जायचा. तिथे परीक्षेला उतरला, म्हणजे लखलखला, तर तो राजाचा. नाहीतर दुसऱ्या पाण्यात जायचा, तिथे उतरला तर राणीचा. तिथेही नाही उतरला, तर तिसऱ्या पाण्यात. तिथला खडा हत्तींच्या झुलींना लावायचे.

आणि पहिलं पाणी म्हणजे राजाचं पाणी. ते जमिनीवर सांडायचं नाही, कुणाच्या पायाखाली यायचं नाही. दरबाराच्या पायऱ्यांना लागून एक कमळांचं तळं होतं, त्यात ते ओतून द्यायचं. त्या तळ्यात कुणी पाय बुडवायचा नाही. कमळसुद्धा कुणी तोडायचं नाही.

राजानं दवंडी पिटली. जो कुणी पहिल्या पाण्याचा हिरा आणील, त्याला तो मागेल ते मिळेल.

मग सगळ्यांत आधी आला तिम. तिम म्हणजे रानात कोळसे पाडणारा एक म्हातारा. काळाकुट्ट, दात विड्यानं लाल झालेले. त्यानं मूठ सोन्याच्या वाडग्यावर धरली आणि उघडली. बुडुक असा आवाज झाला. राजा पुढे वाकला. दरबारचा रत्नपारखी होता सोमकित, तोही वाकला. पाहतात तर काय, वाडग्यात नुसतं पाणी.

सोमकित म्हणाला, "काय रे, पाणी दाखवायला आलास होय? पाणी आहे आमच्याकडे."

तिमनं वाडग्यात पाहिलं. त्याला काही दिसेना. त्यानं आपल्या तळहाताकडे पाहिलं. तोही रिकामा. बिचाऱ्याच्या तोंडाचा नुसता आ झाला. "टाकला मी. आत्ता टाकला," एवढंच तो म्हणत राहिला. सगळे हसले. सोमकितनं वाडगा उचलला आणि पाणी तळ्यात ओतून दिलं.

राजा मात्र हसला नाही. तो भडकला. एवढी आशा लावली आणि हा थट्टा करतोय? त्यानं हुकूम सोडला. डोंगर खणा. खाणी पाडा. नदीकाठचा एकेक धडधाकट माणूस खाणीत उतरवा, आणि पहिल्या पाण्याचा हिरा सापडेपर्यंत कुणालाही घरी सोडू नका. खाणीत पहिलं ढकललं ते तिमला. त्याच्यामागून आणखी कुणी कुणी आले, त्यांनी मूठ उघडली तरी वाडग्यात नुसतं पाणीच दिसलं, आणि तेही खाणीत गेले.

झालं. नदीकाठची गावं ओस पडली. जाळी सुकत पडली, होड्या उलट्या पडल्या. घराघरात नुसत्या बाया आणि पोरं.

त्यातल्याच एका गावात होती फयोम. फयोम हे तिकडच्या एका झाडाच्या फुलाचं नाव, आपल्याकडे सायली म्हणतात ना मुलीला, तसं. तिला आई नव्हती. होता तो एक बाबाच. तो होडीवाला. या काठावरून त्या काठावर माणसं न्यायचा, आणि नेता नेता मोठ्यानं गाणी म्हणायचा. सूर धड नव्हता, पण आवाज खणखणीत. त्यालाही खाणीत नेलं. फयोम शेजारणीकडे जेवायची आणि बाबाच्या उलट्या होडीखाली जाऊन झोपायची.

एक दिवस ती उठली ती थेट रानात गेली. म्हणाली, मीच शोधते हिरा.

रानात भेटली एक म्हातारी हत्तीण. ही हत्तीण रोज नदीवर यायची आणि फयोमचा बाबा तिला केळी द्यायचा. आता केळी बंद. हत्तीण उदास होऊन उभी होती. फयोमनं तिच्या सोंडेला गाल लावला आणि म्हणाली, "माझ्या बाबाला आणायचंय." हत्तिणीनं पायानं माती उकरली. उकरली, उकरली, आणि खालून निघाला एक लाल खडा. डाळिंबाचा दाणाच जसा.

फयोम धावत राजवाड्यात गेली. खडा पहिल्या पाण्यात टाकला. तो तिथे नुसताच तळाशी बसला, मिणमिणा. दुसऱ्या पाण्यातही तसाच. तिसऱ्या पाण्यात मात्र जरा रंगला.

सोमकित म्हणाला, "हत्तीच्या झुलीला चालेल. हे घे टोपलीभर तांदूळ."

"मला तांदूळ नकोत. माझा बाबा द्या."

"पोरी, पितळेच्या वाडग्यात बाबा मिळत नाही."

ती तांदूळ घेऊन परत आली. शेजारणीला दिले. आणि पुन्हा निघाली, या वेळी नदीच्या कडेकडेनं. तिथे होता एक खंड्या. माहीत आहे ना खंड्या, निळ्या पंखांचा, मासे मारतो तो? हा खंड्या बाबाच्या होडीच्या टोकावर बसून यायचा जायचा. फुकटचा उतारू. आता होडीच नाही, तर काठावर बसून कंटाळला होता. फयोम म्हणाली, "खंड्यादादा, तुला होडी हवी ना? मग मला हिरा हवा." खंड्या भुर्रकन आपल्या बिळात शिरला. खंड्याचं घर काठाच्या मातीत बिळात असतं बरं का. आतून त्यानं चोचीत धरून आणला एक निळा खडा. तुकडा आभाळाचाच.

फयोम पुन्हा दरबारात. खडा पहिल्या पाण्यात टाकला. राजा पुढे वाकला आणि मागे झाला. खडा सुंदर होता, पण तो काही पेटला नाही. दुसऱ्या पाण्यात मात्र खुलला.

"राणीसाहेबांच्या कानाला होईल," सोमकित म्हणाला. "हे घे रेशमाचं ठाण."

"रेशीम नको. बाबाला नुसतं बघू द्या."

राजाला तेवढी दया आली. तिला डोंगराच्या कड्यावर नेलं. फयोमनं खाली पाहिलं. खाली एवढा मोठा खड्डा, आणि खड्ड्यात माणसंच माणसं, मुंग्यांसारखी. सगळी लाल मातीनं माखलेली. केस लाल, अंग लाल, तोंडं लाल. सगळी सारखीच. त्यातला आपला बाबा कुठला, तेच तिला ओळखू येईना. तिनं हाक मारली. खाली कुदळींचा एवढा आवाज, की कुणी मान वर केली नाही.

परत येताना सोमकित म्हणाला, "हे बघ, आता तिसऱ्यांदा येऊन राजाचा वेळ घालवलास, तर तुलाही खाली कुदळ मिळेल. पोर म्हणून सोडणार नाही."

फयोम रडत नदीवर आली. पाण्यात पाय सोडून बसली. आणि मग काय झालं ठाऊक आहे? नदीचं पाणी मधोमध फुगलं. फुगलं आणि त्यातून वर आला एक नाग. नाग म्हणजे केवढा? त्याचा फणा या खोलीएवढा. अंगावरचे खवले पितळी परातींएवढे. फयोमला पळायचंही सुचेना.

पण नाग हळूच म्हणाला, "पोरी, तुझा बाबा कधी येणार?"

फयोम हबकलीच. "तुम्ही ओळखता माझ्या बाबाला?"

"ओळखतो म्हणजे? रोज डोक्यावरून जायचा. बेसूर गायचा. आधी मी वैतागायचो. आता त्याच्यावाचून करमत नाही मला. खाली नुसतं बुळबुळीत शांत असतं."

फयोमनं त्याला सगळं सांगितलं. हिऱ्याचं, खाणीचं, लाल माणसांचं. ऐकता ऐकता त्या एवढ्या मोठ्या नागाचे डोळे भरून आले. त्याचा एक थेंब खाली पडला. पाण्यात पडला, पण विरघळला नाही. नागानं शेपटीनं तळ चाचपला आणि काहीतरी उचलून तिच्या मुठीत ठेवलं. "घे. आमच्या डोळ्यांतलं आहे."

"नागोबा, हा पेटेल ना? राजाला पेटणारा हवा."

"मला काय माहीत? मी पाण्यात राहतो. मी तर तो कधी पाहिलाच नाही, नुसता हाताशी लागतो."

नागाला हात कुठले, असं विचारू नका. तो तसं म्हणाला, एवढं खरं.

फयोमनं मूठ घट्ट मिटली. उघडून पाहायचा तिला धीरच झाला नाही. न जाणो, हासुद्धा मिणमिणा निघाला तर? तशीच मूठ मिटून ती राजवाड्यात गेली.

दुपारची वेळ. ऊन कडक. राजा सिंहासनावर, सोमकित वाडग्यांपाशी. फयोमनं सोन्याच्या वाडग्यावर मूठ धरली, बोटं पाण्याला टेकवली आणि मूठ उघडली. बुडुक.

राजा वाकला. सोमकित वाकला. फयोमही वाकली.

आत नुसतं पाणी. वाडग्याच्या तळाची नक्षी स्वच्छ दिसत होती.

फयोमनं तळहात उलटा केला, सुलटा केला. काही नाही.

"अजून एक आली पाणी दाखवायला," सोमकित म्हणाला. "न्या हिला खाणीत." आणि त्यानं वाडगा उचलून पाणी तळ्यात ओतलं.

आता ऐका हं. याआधी ज्यांच्या ज्यांच्या बाबतीत असं झालं, ते सगळे मान खाली घालून गेले होते. राजाला दिसत नाही, पारख्याला दिसत नाही, आपल्यालाही दिसत नाही, म्हणजे नसेलच. असं त्यांना वाटलं. फयोमलाही घटकाभर तसंच वाटलं. पण मग तिच्या मनात आलं, माझ्या हातातून सुटताना तो मला लागला की. टोचला की बोटाला. मग नाही कसा?

शिपाई तिला धरायला आले. ती त्यांच्या हाताखालून निसटली, पायऱ्या उतरली आणि धाडदिशी तळ्यात उडी मारली.

राजाचं तळं. त्यात आजवर पानसुद्धा कुणी बुडवलं नव्हतं. शिपाई काठावर उभे राहिले ते उभेच. आत उतरायचं कसं? सोमकितच्या हातातला वाडगा खाली पडला आणि गरगर फिरत राहिला.

फयोम पाण्याखाली गेली. तिला काही दिसेना. चिखल, कमळाचे देठ, बस्स. तिनं डोळे मिटून घेतले आणि हातांनी चाचपायला लागली. इकडे चाचप, तिकडे चाचप. बोटाला काहीतरी टोचलं. ते उजव्या मुठीत धरलं. पुढे आणखी एक टोचलं. फयोम चकित झाली. ते डाव्या मुठीत. मग आणखी एक. आणि आणखी एक.

ती वर आली. नखशिखान्त चिखल. पायरीवर उभी राहिली आणि तिनं उजवी मूठ उन्हात उघडली.

काय सांगू तुम्हाला. दरबारात जणू वीज शिरली. भिंतींवर, छतावर, लोकांच्या तोंडांवर रंगांचे तुकडे नाचायला लागले. शिपायांनी डोळ्यांवर हात घेतले. आणि राजानं, एवढ्या मोठ्या राजानं, लहान पोरासारखे डोळे गच्च मिटून घेतले. तो हळूच म्हणाला, "आजोबा."

मग फयोमनं काय केलं? वाडगा उचलला, तळ्यात बुडवून पाण्यानं भरला आणि हिरा त्यात सोडला. गेला. दिसेना. पाण्यासारखं पाणी. सोमकितनं बोट आत घातलं. त्याला तो लागला.

राजानं आजोबांचा हिरा पाहिला होता तो नेहमी मुकुटात, उन्हात. पाण्यात कधी पाहिलाच नव्हता. त्याला वाटायचं, जो उन्हात एवढा पेटतो तो पाण्यातही पेटणार. त्याला काय ठाऊक, की सगळ्यात निर्मळ हिरा पाण्यात घातला की पाणीच होऊन जातो.

"महाराज," फयोम म्हणाली, "हा माझा." आणि तिनं डावी मूठ उघडली. "हे कुणाचे?"

राजानं त्या हिऱ्यांकडे पाहिलं. मग तळ्याकडे पाहिलं. मग डोंगराकडे. ज्यांना ज्यांना खोटारडे म्हणून खाणीत पाठवलं, त्यांची तोंडं त्याला आठवायला लागली. त्यानं मुकुट काढून पायरीवर ठेवला आणि रेशमी कपड्यांनिशी तो स्वतः तळ्यात उतरला. दिवस कलेपर्यंत चिखलात चाचपत राहिला. एकेक हिरा वर काढायचा, उन्हाला धरायचा आणि मान खाली घालायचा.

राजानं खाण मोकळी केली. माणसं वर आली. थकून लडबडत, एकमेकांच्या खांद्यांना धरून. फयोम एकेका लाल तोंडाकडे बघत होती आणि तिला कुणीच ओळखू येत नव्हतं. मग एक जण खोकला. ते खोकणं तिनं ओळखलं. धावत जाऊन तिनं मिठी मारली.

बाबा म्हणाला, "सापडला का गं हिरा?"

"सापडला. पण बाबा, तो कधीचाच सापडला होता."

"कधीचा म्हणजे?"

फयोम म्हणाली, "तुम्ही खाणीत उतरायच्या आधीपासून. राजानंच सांगितलं, तिमआजोबांनी आणला होता तो."

बाबा तिथेच उभा राहिला. त्याच्या मागेच म्हातारा तिम होता, वाकलेला. बाबा त्याच्याकडे वळला. "तिमकाका, तुम्ही रोज सांगायचात. मी टाकला होता, मी टाकला होता म्हणून. आणि आम्ही रोज हसायचो तुम्हाला. मी तर त्याचं गाणं केलं होतं."

तिम म्हणाला, "हसा रे. शेवटी शेवटी मीही हसायला लागलो होतो. मलाच वाटायचं, आपला हात रिकामाच असणार."

आणि मग तो म्हातारा ढसाढसा रडायला लागला. हसत हसत रडत होता. राजा समोर आला, चिखलानं भरलेला, बिनमुकुटाचा. आता त्या दोघांत राजा कोण आणि खाणीतला कोण, काही कळत नव्हतं. राजानं ओंजळ पुढे केली. "यातला तुमचा कुठला, घ्या."

"मला काय कळतंय, महाराज? सगळे सारखेच."

"मग पहिला तुम्ही उचला."

तिमनं एक उचलला. ज्यांनी ज्यांनी आणले होते, त्यांनी एकेक उचलला. फयोमनं मात्र आपला हिरा राजाला देऊन टाकला. तिला काय करायचा होता? ती बाबाला घेऊन घरी निघाली. त्या दिवसापासून पहिलं पाणी ओतायच्या आधी राजा स्वतः त्यात हात घालून बघायला लागला. पाणी अगदी रिकामं दिसलं, तरीसुद्धा. रिकामं दिसलं तर जास्तच.

आणि म्हणून त्या देशात एखादं माणूस फार चांगलं असलं, फार निर्मळ असलं, तर त्याला म्हणतात 'फेत नाम नुंग'. फेत म्हणजे हिरा, नाम म्हणजे पाणी, नुंग म्हणजे एक. पहिल्या पाण्याचा हिरा. आत्याचे यजमान असंच सांगायचे. खरं काय ते त्या नदीला ठाऊक.

पुढे बाबानं होडी सुलटी केली. खंड्या टोकावर येऊन बसला. हत्तिणीला केळी मिळाली. नदीच्या तळाशी नागोबा पुन्हा वैतागायला लागले, पण सुखानं. सगळ्यांच्या घरी सगळे जेवायला होते, आणि जेवून सगळे गाढ झोपले.

आता तुम्ही. डोळे मिटा बघू. कंदील बारीक करते मी.